तेजाबाची गाडी

जळकोट तालुका,
१२ जानेवारी २०२५

राजकन्ये,

तुझं पत्र पोचलं. आमच्या ह्यांनी, तुझ्या अर्जुनमामांनी, चष्मा हुडकून देईपर्यंत मी ते उन्हात लांब धरून अर्धं वाचलं बी होतं. फोनवर ऐकू येत न्हाई ही एक तकलीफ सोडली तर माझं बरं चाललंय. तूर घरात आली, हरभरा उभा हाय.

एक गोष्ट इचारायची हाय. तू नांदेडला टँकरच्या कंपनीत हायस, म्हणून तुलाच इचारते. परवा आपला बजरंग फाट्यावर गाडी उभी करून भाकर खायला घरी आला. परत जाताना मी त्याच्यासंगं फाट्यापर्यंत चालत गेले. लेकाची गाडी आजवर बगितलीच न्हवती. लई मोठी हाय गं, नुसती चकचकीत. पण पाठीमागं एक पाटी हाय. त्या पाटीवर चित्र हाय, वरून थेंब पडून राहिलेत आणि खाली एक हात हाय. मी म्हणले, "हे काय रं?" तर माझ्या तोंडासमोर येऊन मोठ्यानं म्हणला, "आई, दुधाची गाडी हाय. दूध काढायच्या आधी हात धुवा, असं सरकारचं सांगणं हाय."

मी मान डोलावली. पण घरी येऊन इचार करून राहिले. सरकारला हात धुवायचं सांगायचं तर गोठ्यात सांगंल, टँकरच्या मागं काहून सांगंल? पाटीवर आकडा बी हाय, १८३०. दुधाला आकडा कशाचा? आणि खरं सांगू का, चित्रातला हात धुतल्यासारखा दिसत न्हाई, झिजल्यासारखा दिसतोय.

पोरगं खोटं बोलणारं न्हाई. मलाच समजलं नसंल. तू नीट समजावून लिही.

तुझी
रुक्मिणआत्या


नांदेड,
२१ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र ऑफिसात पोचलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचलं. दुधाच्या गाड्यांचं मला फारसं कळत नाही गं. बजरंगदादा भेटला की विचारते. तू फिकीर करू नकोस.

पाटीचा विषय काढलास म्हणून माझ्या कामाचं सांगते. गावात सगळ्यांना वाटतं, राजकन्या शिकून-सवरून गाड्यांना चिठ्ठ्या चिकटवते. तसंच आहे, पण त्या चिठ्ठ्यांवर फार काही अवलंबून असतं. पेटणारा, भाजणारा, विषारी असा माल टँकरमधून जातो तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे पाटी लागते. तिच्यावर चित्र, मालाचं नाव, त्याचा ठरलेला आकडा आणि अडचणीच्या वेळी करायचा फोन नंबर. तो फोन माझ्या टेबलावर आहे. टँकर रिकामा झाला तरी आतून धुतल्याशिवाय पाटी काढता येत नाही, कारण आत थोडं राहतंच, वाफही राहते. आणि दुसरा माल भरला की जुनी पाटी उतरवून नवी लावायची. चुकीची पाटी ही पाटी नसण्यापेक्षा वाईट.

नियम मी सांगते, पण पाळायचा ड्रायव्हरने. आणि त्यातला एक ड्रायव्हर असा आहे आत्या, की त्याच्याबद्दल कुणाला तरी सांगावंसंच वाटतं. चहाला थांबला तरी आधी उपरण्याने तिन्ही पाट्या पुसतो. मी विचारलं, "रोज काय पुसायचं एवढं?" तर म्हणाला, "धुळीखालची पाटी कोण वाचणार ताई?"

मागच्या आठवड्यात आमच्या मॅनेजरसाहेबांनी त्याला बोलावलं. अहमदपूरच्या बाजारातून गेलं तर रस्ता जवळ पडतो, पण पाटी पाहून पोलीस गाडी आत सोडत नाहीत. साहेब म्हणाले, "ताडपत्री टाक पाटीवर आणि जा गावातून. कोण बघतंय?"

हा म्हणाला, "साहेब, ताडपत्री टाकली तर आतल्या मालाचं पाणी होणार हाय का?"

साहेब तापले. "उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघतो."

"बघा साहेब. पण आजची गाडी बाहेरच्या रस्त्यानं जाईल."

आवाज चढवला नाही, की मान खाली घातली नाही. मी शेजारीच उभी होते. मग मलाही धीर आला. मी म्हणाले, पाटी झाकलेली गाडी मी गेटातून सोडणार नाही. साहेब पाय आपटत निघून गेले. दुसरा ड्रायव्हर काही त्यांनी आणला नाही.

अशा माणसाबरोबर काम करायला मिळतं, याचं मला बरं वाटतं.

तुझी
राजकन्या


जळकोट तालुका,
२ फेब्रुवारी २०२५

राजकन्ये,

दुधाचं इचारलं तर तू दोन ओळीत उरकलंस आणि त्या ड्रायव्हरबद्दल पानभर लिवलंस. मला ऐकू येत न्हाई, पण समजतंय समदं.

कोण हाय गं तो? गाव कोणतं? घरी कोण कोण हाय? तुझ्या बापाला मी अजून काही बोलले न्हाई. आदी मला बगू दे. ड्रायव्हर हाय म्हणून माझी ना न्हाई. माणूस नेक असला पायजे, आणि तू लिवलंस तसा असंल तर हिऱ्यासारखा हाय. साहेबासमोर असं बोलायला कलेजा लागतो. उपरण्यानं पाटी पुसणारा माणूस घरात बायकोला बी नीट वागवंल.

फोटो असंल तर पाठव.

आत्या


नांदेड,
९ फेब्रुवारी २०२५

अगं आत्या,

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत सुटले. बाजूच्या टेबलवाल्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. तसं काही नाही गं. त्याचं लग्न झालंय. बायको फार गुणाची आहे, मुलगी बालवाडीत जाते. मला तो भावासारखा आहे. म्हणजे अगदी भावासारखाच.

फोटो वगैरे काही नाही. बाबांना काही बोलू नकोस.

राजकन्या


जळकोट तालुका,
१६ फेब्रुवारी २०२५

राजकन्ये,

लग्न झालेला हाय, पोरगी हाय, आणि तू पानभर गुण गाऊन राहिलीस? भावासारखा म्हणणं तोंडानं सोपं असतंय. माणूस किती बी चांगला असला तरी त्याच्या बायकोचा हाय. कामापुरतं बोलत जा. मी रागावले असं समज.

आत्या


लातूर, सरकारी दवाखाना,
३ मार्च २०२५

राजकन्ये,

मागच्या पत्रात तुला वाकडं बोलले, ते बाजूला ठेव. मी लातूरला हाय. बजरंगच्या डाव्या पायाला भाजलंय. गुडघ्याखाली पट्ट्या हायत. सून पुनम रात्री थांबती, दिवसा मी. डॉक्टर म्हणतात पाय वाचला, बोटं बी वाचली.

मला सांगितलं की टँकरमधलं गरम दूध पायावर उडालं. सांगणारा बजरंगच. बाजूला तुझे मामा खाली बगून उभे होते. राजकन्ये, टँकरमधलं दूध बरफासारखं थंड असतंय. मी म्हातारी झाले, येडी न्हाई झाले.

ऐकू येत न्हाई म्हणून समदे माझ्यासमोरच बोलून राहिलेत. पोलीस येऊन गेला, लिवून घेऊन गेला. काल ऊसतोडीची एक बाई आली, धोंडाबाई म्हणून. हातात चार केळी. बजरंगच्या खाटेपाशी आली आणि त्याच्या पट्टीवर हात ठेवून ढसाढसा रडली. हा तिला खुणेनं म्हणून राहिला, गप, आई बसलीय. ती माझ्याकडं वळली आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी तिला इचारलं, काय झालं बाई? ती बोलली लई, पण तिच्या तोंडात पदर होता, मला एक शबूद कळला न्हाई.

माझ्या लेकानं काय केलं? ती बाई माझ्या पाया का पडली? तुला ठाऊक हाय. तुझ्या पत्रातनं मला वास येऊन राहिलाय. आता खोटं लिवशील तर मी तुझं पत्र फोडणार न्हाई.

आत्या


नांदेड,
७ मार्च २०२५

आत्या,

सगळं खरं लिहिते.

तो ड्रायव्हर बजरंगदादाच आहे. साहेबांसमोर उभा राहिला तो तुझा मुलगा. दीड वर्ष तो आमच्या कंपनीत आहे. टँकरमध्ये दूध नसतं. गंधकाचं तीव्र आम्ल असतं, तू ज्याला तेजाब म्हणतेस ते. खताच्या कारखान्याला लागतं. १८३० हा त्याचाच आकडा. चित्रातला हात तू बरोबर ओळखलास, तो झिजलेलाच हात आहे. टीव्हीवर टँकर पेटलेला पाहून तू दोन दिवस जेवली नव्हतीस, म्हणून दादाने माझ्याकडून आणि वहिनीकडून शब्द घेतला होता. तुझ्याशी खोटं वागणं मला जड गेलं. म्हणून तर त्याचं नाव न घेता तुला त्याच्याबद्दल लिहीत होते.

आता त्या दिवसाचं. सव्वीस फेब्रुवारी. दादा भरलेली गाडी घेऊन नेहमीप्रमाणे अहमदपूरच्या बाहेरच्या रस्त्याने चालला होता. बाजाराचा दिवस होता. उसाचा ट्रॅक्टर शेतातून एकदम रस्त्यावर आला. दादाने गाडी डावीकडे घेतली. ट्रॅक्टरवाला वाचला, पण टँकर रस्त्याखाली उतरून बांधाला टेकला आणि मागच्या नळाला तडा गेला. तेजाब बाहेर येऊ लागलं.

अशा वेळी बरेच ड्रायव्हर पळून जातात. लोक मारतील ही भीती असते. दादाने सीटमागचे रबरी बूट, हातमोजे आणि चष्मा चढवला, आणि खाली उतरला.

मला हे कसं कळलं, ते सांगते. माझ्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून माणूस म्हणाला, "मी एसटीचा कंडक्टर सत्यम बोलतोय. इथं टँकर कलंडलाय. पाटीवर तुमचा नंबर हाय."

मी विचारलं, "पाटीवर आकडा कोणता आहे?"

"अठराशे तीस. लांबूनच वाचतोय, पाटी एकदम साफ हाय."

आत्या, त्या दिवशी त्या रस्त्यावर त्या आकड्याची एकच गाडी होती. तेवढ्यात फोनमध्ये मागून ओरडणं ऐकू आलं. "पाणी नको! पाणी टाकू नका! कोरडी माती टाका!" दादाचा आवाज. आवाज ऐकला म्हणजे माणूस उभा आहे, एवढं मनाशी धरलं आणि बोलायला लागले.

हे तेजाब दिसायला तेलासारखं दाट असतं. शेजारच्या उसाच्या फडातल्या बायका-माणसांना वाटलं, गोडं तेल सांडलंय. कळशा, डबे घेऊन लोक धावले. काहीजण पाणी घेऊन आले, धुऊन टाकू म्हणून. त्यावर घागरभर पाणी ओतलं की ते उकळून अंगावर उडतं. आणि उतारावर खाली वस्तीची विहीर होती. दादा एकटा, समोर एवढी माणसं. तो दोन्ही हात पसरून ओरडत होता, "तेजाब हाय! मागं सरा! वारा जातोय त्या बाजूला थांबू नका!" निम्मे थांबले. धोंडाबाई मात्र बाजूने आली आणि कळशी घेऊन ओहोळापाशी वाकली. दादा त्या ओहोळातून धावत गेला आणि तिला ओढून मागे फेकलं. कळशी पडली, उसळलेलं तेजाब त्याच्या बुटाच्या आत गेलं.

कंडक्टर सांगत होता, "तुमचा ड्रायव्हर खाली बसलाय, पण अजून बोट दाखवून माणसांना कामाला लावतोय."

मी म्हणाले, "रस्त्यावर पाणी नको, पण त्याच्या पायावर भरपूर पाणी ओता. बूट काढा आणि थांबू नका." धोंडाबाईनेच विहिरीवरच्या मोटारीचं पाणी घागरीने आणून त्याच्या पायावर ओतलं. तुझा मुलगा तशातही पुरुषांकडून मातीचा बांध घालून घेत होता. कंडक्टरने एसटी आडवी लावून रस्ता बंद केला. अग्निशामकची गाडी आली तेव्हा त्यांना आधीच माहीत होतं, माल कोणता आणि काय आणायचं. वाळू आणि चुना घेऊनच आले. उरलेला माल दुसऱ्या टँकरमध्ये उतरवून घेतला.

बाकी कुणाला ओरखडाही नाही. विहिरीचं पाणी तपासलं, स्वच्छ आहे. आणि तीच गाडी ताडपत्री टाकून बाजारातून गेली असती तर? तो विचार मी अर्ध्यात सोडते.

मॅनेजरसाहेब पोलिसांना सांगायला निघाले होते की ड्रायव्हर मर्जीने लांबच्या रस्त्याने गेला, चूक त्याचीच. मी मालकांसमोर जाऊन ताडपत्रीची गोष्ट सांगितली. साहेब आता आमच्याकडे नाहीत. मालक दवाखान्यात येऊन गेले, तो पांढऱ्या शर्टातला माणूस तू पाहिला असशील.

लहानपणी दादा मला सायकलवर बसवून शाळेत न्यायचा, तेव्हाही मला तो मोठा वाटायचा. पण तो किती मोठा आहे ते मला त्या फोनवर कळलं.

राजकन्या


लातूर, सरकारी दवाखाना,
१२ मार्च २०२५

राजकन्ये,

पत्र खाटेपाशी बसून वाचलं. बजरंगला कळलं की तू सांगितलंस. त्यानं तोंड भिंतीकडं केलं. मी पत्र घडी करून त्याच्या उशाखाली ठेवलं आणि त्याचं डोकं कुरवाळलं.

मंग मी म्हणले, "धोंडाबाईला ओढलंस ते चांगलं केलंस. पण माझ्यापाशी खोटं बोललास." म्हणला, "तू जेवत न्हाईस आई." ह्याला काय म्हणावं? माझ्या जेवणासाठी ह्यानं दीड वर्ष दूध वाहिलं.

राजकन्ये, मला त्याचा अभिमान हाय, पण भीती त्याच्यापरीस मोठी हाय. रात्री डोळा लागला की मला तो ओहोळ दिसतो. आता पुरे. पाय बरा झाला की दुसरं काहीतरी काम बगावं. तुझं ऐकतो तो. तू सांग.

आत्या


नांदेड,
३० मार्च २०२५

आत्या,

मी सांगून पाहिलं. मालकांनी त्याला गेटवर बसायचं काम देऊ केलंय. तुझ्यासाठी मी त्याला म्हणाले, दादा, घे ते.

तो परवा काठी टेकत ऑफिसात आला होता. नवे दोन ड्रायव्हर गाडी घेऊन निघत होते. ह्याने त्यांना थांबवलं, बूट-मोजे काढून दाखवायला लावले, पाटी वाचायला लावली. एकजण म्हणाला, "बजरंगभाऊ, एवढं सगळं खरंच लागतं का?" ह्याने पँट वर करून पाय दाखवला. मग म्हणाला, "बूट होता म्हणून एवढाच गेला."

ते गेल्यावर मला म्हणाला, "राजकन्या, गाडी कुणीतरी चालवणारच हाय. मला चालवता येती. पण आई नको म्हणली तर जाणार न्हाई. मी तिला इचारणार बी न्हाई, ती माझ्यासाठी हो म्हणंल आणि मनातून जळत राहील."

मी आता मधे बोलत नाही. तुला जे वाटेल ते खरं.

राजकन्या


जळकोट तालुका,
१८ एप्रिल २०२५

राजकन्ये,

काल बजरंगला लातूरला डॉक्टरकडं दाखवून आणलं. पाय बरा हाय, चामडी पातळ आलीय पण चालतो नीट. पुनमला पोरीची शाळा होती म्हणून मीच संगं गेले. परत येताना एसटीत तो खिडकीपाशी, मी मधे, आणि माझ्या पल्याड चाकूरला चढलेली एक बाई.

अहमदपूरच्या बाहेर गाडी आली तवा बजरंगनं मान फिरवली. मी समजले. म्हणून मी वाकून त्याच्या खिडकीतनं बगितलं. रस्त्याखालची जागा दिसली. गवत काळं पडलेलं हाय गं, चुलीतल्या राखेसारखं, एक लांब पट्टा, खाली उतारावर जाणारा. चुना अजून पांढरा दिसतोय. आणि तो काळा पट्टा जाता जाता एकदम थांबलाय. मातीचा बांध हाय तिथं, हातानं घातलेला, वाकडातिकडा. बांधाच्या पल्याड हिरवंगार. विहिरीवर बाया धुणं धूत होत्या, एक लेकरू पाण्यात पाय सोडून बसलं होतं.

गाडी पुढं गेली. मला किती तरी येळ तो बांधच दिसत राहिला. माझ्या लेकानं पाय भाजत असताना बसून घालून घेतला तो. त्या लेकराला ठाऊक बी न्हाई.

तेवढ्यात शेजारची बाई मला खांद्याला हलवून इचारून राहिली. मला ऐकू येत न्हाई हे तिला एव्हाना कळलं होतं, म्हणून बजरंगकडं बोट करून तोंड मोठं करून म्हणली, "पोरगा काय करतो?"

बहिऱ्या माणसाचा आवाज किती मोठा निघतो ते त्याला कळत न्हाई. मी म्हणले, "तेजाबाचा टँकर चालवतो! पुढच्या सोमवारपासनं पुन्ना जाणार हाय!"

अख्ख्या एसटीनं माना वळवल्या. बजरंग माझ्याकडं बगतच राहिला. त्याचे ओठ हलले. मला दिसलं, नुसतं "आई" म्हणला. मी त्याचा हात धरला आणि जळकोट येईपर्यंत सोडला न्हाई.

तुझी
रुक्मिणआत्या